एका पैचा हिशेब आणि नाथांची ज्ञानेश्वरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या निमित्तानं निघणाऱ्या आपल्या या वार्षिक अंकात दरवर्षी अधिकारी मंडळी लिहितात. मी कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बी.कॉम. झालो, छत्तीस वर्षं बँकेत क्लार्क म्हणून काढली आणि आता मंदिराच्या उत्सवाचा जमाखर्च लिहितो, एवढीच माझी पात्रता. तरी यंदा श्रीएकनाथ महाराजांच्या चरित्रावर चार शब्द लिहायचं धाडस करतो आहे. त्याला कारण आमच्या घरातच घडलं.

गेल्या मार्गशीर्षात मी नेहमीप्रमाणे गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो होतो. वडिलांच्या मागे हा नेम माझ्याकडे आला, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आठवीतली नात रोज थोडा वेळ शेजारी येऊन बसायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, की पोथीत सारखं परियेसीं, परियेसीं येतं, त्याचा अर्थ काय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. सव्वीस सप्ताहांत हा शब्द शेकडो वेळा जिभेवरून गेला असेल. पण नेमका अर्थ सांगता येईना. काहीतरी ठरवून केलेलं असं असावं, असं मी गुळमुळीत सांगितलं. पोरगी हुशार, आत जाऊन मोबाईलवर बघून आली. त्याचा अर्थ ऐक, असा निघाला. गुरू शिष्याला सांगताहेत की नीट ऐक. म्हणजे पोथी मला सव्वीस वर्षं ऐक म्हणून सांगत होती आणि मी नुसता वाचत सुटलो होतो.

तिनं आणखी एक विचारलं. मोबाईलवर सगळ्या पोथीचा सारांश दहा ओळींत मिळतो, मग आजोबा, तुम्हाला सात दिवस कशाला लागतात? तिनं ते उद्धटपणे विचारलं नव्हतं, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. मी नेमधर्माचं, श्रद्धेचं काहीतरी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. उत्तर मला पुढं वर्षभरात नाथमहाराजांच्या चरित्रात सापडलं. ते वाचकांपुढे ठेवतो.

नाथांचा जन्म गोदावरीकाठी पैठणला, शके १४५५ म्हणजे इ.स. १५३३ च्या सुमारास झाला असं परंपरा सांगते. घराणं भानुदासांचं. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीला परत आणली असं आपण कीर्तनात ऐकतो, तेच हे भानुदास, नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघंही नाथांच्या लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीनं नातवाला वाढवलं. म्हातारपणी घरात नातवंड असलं म्हणजे कसं होतं, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आई-बापाविना पोर, त्यामुळे जीव अधिकच गुंतलेला. असं असताना वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हे पोर गुरूच्या शोधात कुणाला न सांगता घरातून निघालं आणि देवगिरीला जाऊन पोचलं.

देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, त्या वेळी निजामशाहीचा अंमल होता आणि किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींच्या हातात होता. स्वामी मूळचे चाळीसगावचे. राज्य परक्याचं, नोकरी जबाबदारीची, पण अंतःकरणात अखंड दत्तमहाराज. दर गुरुवारी स्वामी दत्तसेवेसाठी मोकळे असत आणि त्या दिवशी किल्ल्यावरचं कामकाज बंद राही, असं सांगतात. नोकरी सांभाळून उपासना कशी करावी, हे आपल्यासारख्या संसारी आणि नोकरदार माणसांनी स्वामींकडून शिकावं.

मी तीन वर्षांपूर्वी सौ.ला घेऊन दौलताबाद चढलो. मधला काळोखा भुयारी मार्ग, ज्याला अंधारी म्हणतात, तो ओलांडताना सौ.नं माझा हात घट्ट धरला होता. वर जनार्दनस्वामींच्या स्थानाशी पोचेपर्यंत माझाही दम निघाला. तिथं टेकल्यावर मनात आलं, बारा वर्षांचं पोर याच वाटेनं रोज पाण्याच्या घागरी, पूजेचं साहित्य आणि कचेरीच्या वह्या घेऊन चढ-उतार करत असेल.

वह्या म्हणालो ते उगाच नाही. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचं काम दिलं होतं. एके दिवशी जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक होता एका पैचा. सगळे झोपले. नाथ समईच्या उजेडात वह्या उलगडून बसले. रात्र सरत आली तेव्हा ती चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, काय झालं ते विचारलं. एवढ्याशा पैसाठी पोरानं रात्र जागून काढली, आणि ती सापडल्यावर त्याला एवढा आनंद झाला, हे पाहून त्यांना फार समाधान वाटलं. हीच एकाग्रता परमार्थाकडे लागली तर केवढा आनंद मिळेल, असं त्यांनी समजावलं आणि हा शिष्य अधिकारी आहे हे ओळखलं.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. बहुतेक कीर्तनकार ती सांगून लगेच पुढं जातात. पण बँकेतला माणूस तिथून हलत नाही. कारण ती रात्र मी स्वतः काढली आहे. पूर्वी आमच्याकडे जून आणि डिसेंबरअखेर सहामाही क्लोजिंग असायचं. संगणक नव्हते, जाडजूड लेजर हातानं भरायची आणि बेरजा तोंडी करायच्या. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. माझ्याकडच्या बचत खात्यांच्या लेजरमध्ये नऊ रुपयांचा फरक आला. रात्रीचे साडेअकरा झाले. मी वैतागून म्हटलं की नऊ रुपये माझ्या खिशातून भरतो आणि घरी जातो. आमचे अकौंटंट शांत माणूस. त्यांनी मला खाली बसवलं. नऊ रुपये भरून बेरीज जुळेल, पण चूक वहीतच राहील. उद्या एखाद्या खातेदाराचं नुकसान होईल आणि ते कशामुळे झालं हे कुणालाच कळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग एक खूण दिली. फरकाला नऊनं भाग जात असेल तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ती शोध. पाऊण तासानं सापडलं. सत्त्याऐंशीच्या जागी मी अठ्ठ्याहत्तर लिहिले होते. त्या वेळी जो आनंद झाला तो पगारवाढीच्या दिवशीही झाला नाही.

फरक सापडतच नसेल तर बँकेत एक सोय असते. ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि पुढचं काम सुरू करायचं. सोय वाईट नाही, तिच्यावाचून काम अडेल. पण सस्पेन्समध्ये टाकलेली रक्कम पुढं कुणी काढून बघितली नाही, तर ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. नातीच्या प्रश्नानंतर मला कळलं, की पोथीतला प्रत्येक अडलेला शब्द मी सव्वीस वर्षं सस्पेन्समध्ये टाकत आलो. पारायण वेळेवर पूर्ण होत होतं. मेळ मात्र बसलेला नव्हता.

आता पुन्हा नाथांकडे येऊ. शिष्याची तयारी पाहून स्वामींनी त्यांना दत्तदर्शन घडवलं. ती कथा तर आपल्या संप्रदायाचा ठेवाच. स्वामींबरोबर नाथ रानात गेले असता समोरून एक मलंग आला. अंगावर कातडं, बरोबर कुत्री. त्यानं कुत्रीचं दूध काढून त्यात भाकरीचे तुकडे कुस्करले, स्वामींसह खाल्ले आणि भांडं धुऊन आणायला नाथांकडे दिलं. नाथांनी ते धुतलेलं पाणी फेकलं नाही, प्रसाद म्हणून पिऊन टाकलं. मग त्यांना कळलं की मलंगाच्या वेषात प्रत्यक्ष दत्तात्रेय आले होते. पुढं गुरूंच्या आज्ञेनं नाथांनी जवळच्याच शूलीभंजन डोंगरावर तप केलं. आपण रोज आरतीला उभे राहून त्रिमूर्ती दत्ताची जी आरती म्हणतो ती नाथांचीच.

या कथेतून मी माझ्यापुरता एक अर्थ घेतो. दत्तमहाराज ओळखू येतील अशा रूपात येतातच असं नाही. जुन्या पोथीची भाषाही तशीच. शब्द अनोळखी, वाक्यं उलटसुलट, पहिल्या भेटीत जवळ जावंसं वाटत नाही. कातडं पांघरलेला मलंग बघून जो मागं फिरला, तो दर्शनाला मुकला.

काही वर्षांनी स्वामी नाथांना घेऊन तीर्थयात्रेला निघाले. त्र्यंबकेश्वरी गुरूंच्या आज्ञेवरून नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठी ओवीबद्ध विवरण लिहिलं, हा त्यांचा पहिला ग्रंथ. पुढची यात्रा नाथांनी एकट्यानं केली आणि शेवटी पैठणला आले. इकडे म्हातारे चक्रपाणी नातवाचा शोध घेत देवगिरीपर्यंत जाऊन आले होते आणि त्यांनी स्वामींकडून आज्ञापत्र आणलं होतं. नातू जिथं भेटला तिथंच त्यांनी ते हातात दिलं. लग्न करून पैठणलाच राहावं, अशी गुरूंची आज्ञा होती. नाथांनी ती मानली. गिरिजाबाई घरात आल्या. नाथांच्या घरची ख्याती पुढं वाढली ती या माउलीच्या हातच्या अन्नामुळेही. दारी आलेला कुठल्याही जातीचा माणूस तिथून उपाशी गेला नाही. श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढला तो याच घरात. काशीची गंगा रामेश्वरी नेताना वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे नाथ ते हेच.

दिवसभर असा प्रपंच आणि पहाटे-रात्री ग्रंथलेखन. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका सुरू केली. पाच अध्याय पैठणला झाले आणि त्यांची प्रत काशीला पोचली. देवभाषेतलं तत्त्वज्ञान प्राकृतात आणलं म्हणून तिथले काही पंडित खवळले, त्यांनी नाथांना बोलावून घेतलं. नाथ काशीला गेले, त्यांना ग्रंथ ऐकवला आणि ऐकता ऐकता विरोध मावळला. शेवटी त्याच काशीत ग्रंथाची मिरवणूक निघाली असं सांगतात. शके १४९५, इ.स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला वाराणसीत ग्रंथ पूर्ण झाला. तोच आपला एकनाथी भागवत.

दत्तभक्तांनी तर तो मुद्दाम वाचावा. त्याच्या सातव्या, आठव्या, नवव्या अध्यायांत अवधूतानं यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आहेत, आणि तो अवधूत म्हणजे दत्तात्रेयच अशी आपली परंपरा आहे. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, बाण करणारा कारागीर. राजाची मिरवणूक वाजत-गाजत शेजारून गेली तरी त्या कारागिराचं लक्ष बाणावरून हललं नाही. ते वाचताना मला देवगिरीवरचा समईजवळ बसलेला मुलगा आठवतो.

इथं माझ्या मनात एक शंका आली, ती प्रामाणिकपणे सांगतो. नाथांनी संस्कृत अवघड म्हणून मराठीत सोपं केलं. मग आज मोबाईलवर सारांश करून देणारा तेच करत नाही का? नातीचं काय चुकलं? पुष्कळ दिवस हा प्रश्न मला सुटत नव्हता. उत्तर शेवटी आकड्यांतच सापडलं. मूळ अकराव्या स्कंधाचे श्लोक साधारण साडेतेराशे. नाथांच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक. नाथांनी सोपं केलं ते लहान करून नव्हे, मोठं करून. एका श्लोकाला दहा-दहा, वीस-वीस ओव्या दिल्या. घरातली, शेतातली, बाजारातली उदाहरणं दिली. श्रीधरस्वामींची संस्कृत टीका पुढ्यात ठेवून प्रत्येक शब्दाचा हिशेब दिला. सारांशात अवघड ते गाळलं जातं. नाथ अवघड जागी थांबतात आणि आपल्यालाही हाताला धरून थांबवतात. बेरीज एकच दिसली तरी एकानं खातं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यानं नुसती शेवटची रक्कम सांगितलेली असते.

नाथांची भारुडं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. विंचू, जोशी, गोंधळी अशी सोंगं घेऊन त्यांनी अडाण्यातल्या अडाण्याला हसत-खेळत वेदान्त सांगितला. पण भारुड लिहिणारा हात आधी भागवतावर झिजलेला होता, हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. नाथांच्या काळापर्यंत तिला जवळजवळ तीनशे वर्षं होत आली होती. छापखाने नव्हते. एकानं लिहायचं, त्यावरून दुसऱ्यानं, त्यावरून तिसऱ्यानं. तीनशे वर्षांत बोलण्याची भाषा बदलली. नकलणाऱ्याला जुना शब्द कळला नाही की तो आपल्या ओळखीचा शब्द घाली. कुणाची नजर चुकून ओळ गळे. कुणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी मध्ये घुसवी. हेतू वाईट नसे, पण पाठ बिघडत गेला. माझ्या सत्त्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले तसंच हे, आणि मग पुढची प्रत्येक वही त्या अठ्ठ्याहत्तरवरून लिहिलेली.

नाथांना एकदा घसा धरला, काही केल्या बरं वाटेना. तेव्हा माउलींनी स्वप्नात येऊन सांगितलं की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथ आळंदीला गेले, झाडी-झुडपांत हरवलेली समाधी शोधली, मुळी दूर केली आणि समाधिस्थानाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. त्यानंतर त्यांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली. माउलींच्या कंठाची मुळी काढली आणि मग माउलींच्या शब्दांत शिरलेल्या मुळ्या काढायला बसले, असंच मला वाटतं.

त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या. ओवीला ओवी लावून पाहिली. कुठला शब्द माउलींचा आणि कुठला नकलणाऱ्याचा, हे ठरवायला तीनशे वर्षांपूर्वीची मराठी आतून कळायला हवी. आघवें म्हणजे सगळं, वोखटें म्हणजे वाईट, पढियंता म्हणजे आवडता, हे आज आपण कोशात बघतो. नाथांना कोश नव्हता. ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचायचा आणि एका ओवीचा अर्थ दुसऱ्या ओवीकडून काढायचा, हाच मार्ग. शके १५०६, इ.स. १५८४, भाद्रपद वद्य षष्ठीला, कपिलाषष्ठीच्या योगावर हे शुद्धीकरण पूर्ण झालं. वारकरी मंडळी त्या तिथीला आजही ज्ञानेश्वरी जयंती करतात.

त्या वेळी नाथ पन्नाशीचे होते. स्वतः अठरा हजार ओव्यांचे कर्ते. त्यांनी मनात आणलं असतं तर माउलींची जुनी भाषा बदलून सगळी ज्ञानेश्वरी आपल्या काळच्या सोप्या मराठीत करून टाकली असती आणि लोकांनी डोक्यावर घेतली असती. त्यांनी तसं केलं नाही. आपल्या पदरचा शब्द घातला नाही. उलट पुढच्यांनाही बजावून ठेवलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी मिसळू नये. सोपं करायची विद्या ज्याच्याकडे सर्वांत जास्त होती, त्यानंच अवघडाला हात न लावता ते जसंच्या तसं आपल्यापर्यंत पोचवलं. का, तर ती दुसऱ्याची ठेव होती. ठेव खातेदाराची असते, बँकेची नसते. तिच्यातला एक पैसाही आपल्या मर्जीनं कमी-जास्त करता येत नाही.

नाथांच्या घरातही या प्रश्नावरून ताण झाला. चिरंजीव हरिपंडित मोठे संस्कृत पंडित. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना पटेना. ते रुसून काशीला गेले. नाथ समजूत घालून त्यांना परत घेऊन आले, पण अट मान्य करावी लागली की यापुढे नाथांनी प्राकृत पुराण सांगू नये आणि परान्न घेऊ नये. हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागले. हळूहळू श्रोते येईनासे झाले. पुढं एका गरीब म्हातारीच्या घरी नाथ जेवले त्या प्रसंगानं हरिपंडितांचे डोळे उघडले आणि नाथांचं पुराण पुन्हा सुरू झालं. हरिपंडितांपाशी अवघड होतं, पण ते दुसऱ्यापर्यंत नेण्याची वाट नव्हती. म्हणून नुसतं अवघड मिरवण्यातही अर्थ नाही. घरात ग्रंथ असले की ते कुठं तरी रुजतातच. नाथांच्या मुलीचे चिरंजीव मुक्तेश्वर मोठे कवी झाले आणि त्यांनी महाभारताची पर्वं मराठीत आणली.

शेवटी नाथांनी भावार्थरामायण लिहायला घेतलं. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि आता आपलं कार्य संपत आल्याचं त्यांना कळलं. उरलेलं रामायण कोण पुरं करणार? लोकांना वाटलं, कुणीतरी मोठा पंडित. नाथांनी काम दिलं गावबाला. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी येऊन राहिलेला. लोक त्याला मंद म्हणत. गुरूच्या नावाशिवाय दुसरा मंत्र त्याला येत नसे. पण इतकी वर्षं तो त्या घरात राहिला, पुराणाच्या वेळी कोपऱ्यात बसून ऐकत राहिला. त्यानं पुढचं रामायण पूर्ण केलं. शके १५२१, इ.स. १५९९, फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तीच तिथी त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीची. पैठणला आजही नाथषष्ठीला लाखोंची गर्दी होते.

वाचकहो, मला धीर दिला तो गावबानं. नाथांची बुद्धी आपल्याला कुठली? पण गावबासारखं एका जागी बसून ऐकणं तर जमेल. आपल्या वयाला गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, पण एक गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे, ती म्हणजे वेळ. तो वेळ आपण मोबाईलवर येणारे सुविचार पुढं ढकलण्यात घालवतो. त्यातला एकही सुविचार आपल्याला अडवत नाही, म्हणून आपल्याला तो बदलतही नाही. अवघड ओवी अडवते. दोन दिवस डोक्यात राहते. भाजी निवडताना, बसस्टॉपवर उभं असताना अचानक उलगडते. तेव्हा टाळी वाजवावीशी वाटते.

गेल्या चैत्रापासून आपल्या मंदिरात गुरुवारच्या आरतीनंतर आम्ही सहा-सात जण बसतो. एकनाथी भागवताचा सातवा अध्याय घेतला आहे. एका बैठकीला फक्त दहा ओव्या. एकानं वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, अडलं तर सार्थ प्रत उघडायची. तरीही अडलं तर माझ्याकडच्या जुन्या लेजरसारख्या वहीत तो शब्द तारखेसह लिहायचा. त्या वहीवर मी सस्पेन्स असंच नाव घातलं आहे. दर महिन्याला ती काढून बघतो आणि सुटलेल्या शब्दांवर काट मारतो. आज त्यात एकेचाळीस शब्द शिल्लक आहेत. परियेसीं सगळ्यात वर आहे, त्यावर काट नातीनं स्वतः मारली.

सप्ताहाचा नेम मी सोडलेला नाही, कुणी सोडूही नये. पारायणाचं पुण्य पारायणाला आहे. यंदाही सात दिवसांत पोथी नेमानं पूर्ण करणारच. पण उद्यापनानंतर ती लगेच सोवळ्यात गुंडाळून वर्षभर फळीवर ठेवायची नाही, असं ठरवलं आहे. दुसऱ्या दिवसापासून पहिला अध्याय, रोज पाच ओव्या. नातीला विचारलं, बसशील का? ती म्हणाली परीक्षा झाल्यावर बघू. मी काही आग्रह केला नाही. माझी जागा मात्र रोज संध्याकाळी सातला ठरलेली आहे, आणि शेजारी एक पाट मांडलेला असतो.

ज्यांना गुरुवारच्या बैठकीला यायचं असेल त्यांनी आरतीनंतर सभामंडपात डाव्या हाताला यावं. अर्थ येत असलाच पाहिजे असं नाही. चष्मा मात्र आठवणीनं आणावा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥